रेजिनबायची हिगल्डी-पिगल्डी

इंग्रजांनी आपल्याला काय दिलं, असं विचारलं की लोक आगगाडी, टपाल आणि कोर्टकचेऱ्या अशी नावं घेतात. उत्तनला माझ्या शेजारी राहणाऱ्या रेजिनबायला इंग्रजांनी पसाऱ्याची नावं दिली होती. हिगल्डी-पिगल्डी, टॉप्सी-टर्व्ही, हेल्टर-स्केल्टर, हर्ली-बर्ली, हॉच-पॉच. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या एका साहेबाच्या बंगल्यात घालवून तिने गावी आणलेली कमाई म्हणजे एवढी. बाकीचं इंग्रजी तिला 'येस मॅडम'च्या पुढे येत नव्हतं.

मी मूळचा नवघरचा. आमच्या घरात मिठागरं, भातशेती आणि भांडणं सोडून दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ट्रेनिंग करून मास्तर झालो आणि उत्तनच्या मराठी शाळेत लागलो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. ख्रिस्ती कोळ्यांच्या आळीत एक खोली भाड्याने मिळाली. सामान टाकून मी नुसता बसलो होतो, तोच शेजारची एक काटक, उंच, पांढऱ्या केसांची बाई दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. उघडी ट्रंक, गादीवर पडलेली पुस्तकं, पुस्तकांवर ठेवलेला तांब्या, असं सगळं डोळ्यांनी टिपून घेतलं आणि मग म्हणाली, "मास्तर, ह्यो टॉप्सी-टर्व्ही हाय. हिगल्डी-पिगल्डी असता तर मी बोलली नसती."

मी थक्क झालो. कोळणीच्या तोंडी असले शब्द ऐकायची मला सवय नव्हती. तोवर ती आत येऊन तांब्या खाली ठेवूनही मोकळी झाली होती.

पुढे मला तिची प्रतवारी कळली. भांडी, कपडे, काटक्या इकडेतिकडे पडल्या असतील तर ती हिगल्डी-पिगल्डी, दुपारपर्यंत माफ. खालची वस्तू वर आणि वरची खाली गेली की टॉप्सी-टर्व्ही, तिला माफी नाही. पोरं आणि कोंबड्या हेल्टर-स्केल्टर. सून मारी हिचं कालवण हॉच-पॉच, मग ते कितीही चांगलं झालेलं असो. हर्ली-बर्ली हा शब्द तिने लग्नं आणि गावकीच्या बैठकी यांच्यासाठी राखून ठेवला होता. गावात तिची टवाळी होई. ती रस्त्याने निघाली की शाळेतली पोरं "हिगल्डी आयली, हिगल्डी आयली" करत कुंपणाआड पळत. पोरांना वाटे हे शब्द गमतीचे आहेत. ते गमतीचे आहेतच. ज्यांनी ते बनवले त्यांनी हसत खेळतच बनवले असणार.

तिच्या घरी गेलं की आपल्या चपला आपल्याला सापडत नसत. दारात उलटसुलट काढून आत जावं, तर ती मागून येऊन त्या उचलायची, झटकायची आणि रस्त्याकडे तोंड करून जोडीने ठेवायची, म्हणजे निघताना पाय घातला की झालं. सुरुवातीला मला हे फार अगत्याचं वाटलं. नंतर लक्षात आलं की साहेबाचे बूट तसे ठेवावे लागत. हात चालतच राहिले होते, साहेब असो वा मराठी शाळेचा मास्तर. माझं तिला काही कौतुक नव्हतं.

घरात माणसं तीनच. ती, तिचा एकुलता मुलगा जुजे आणि सून मारी. नवरा जुजे रांगत असतानाच तापाने गेला होता आणि म्हणूनच ती मुंबईला कामाला गेली होती. बंगल्यातली मुलं मोठी होऊन विलायतेला शिकायला गेली, मड्डमला तिची गरज उरली नाही, तेव्हा ती परत आली. परत आली ती घर लावायलाच. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले असत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचे, ही तिथली रीत. मारी भराभर टांगून मोकळी व्हायची. रेजिनबाय मागून जाऊन प्रत्येक जोडी फिरवायची, सगळ्यांची पोटं देवळाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, बाजूला. मारी एकदा मला म्हणाली की मासळी कुठेही तोंड करून वाळते, पण या बाईला ते कोण सांगणार. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सकाळपासून राबून टांगलेल्या मासळीला दुसऱ्याने पुन्हा हात लावला तर कुणाला आवडेल?

सुनेचं एक वेळ ठीक. जुजेचं दुखणं वेगळं होतं. तो शांत माणूस, स्वतःची लहान होडी, कामाला वाघ, दारूपासून लांब. आईला उलट बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. पण तो तिला रेजिनबाय म्हणायचा. सगळं गाव म्हणायचं तसं. आय तो आपल्या आजीला म्हणायचा, जिने त्याला वाढवलं तिला. ती आजी वारली आणि तो शब्दही त्याने जणू तिच्याबरोबरच पुरला. रेजिनबाय आयुष्यात कशाची वाट पाहत होती, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, त्या एका हाकेची. तो जेवायला बसला की ती समोर बसायची. तो म्हणायचा, "रेजिनबाय, मीठ दे." ती मीठ द्यायची आणि ताटलीतला चमचा सरळ करायची. त्या घरात चमच्याने कुणीही जेवत नसे.

एका दुपारी ओट्यावर तांदूळ निवडताना तिने मला ते शब्द कुठून आले ते सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळेच ऐकणं जड गेलं. मड्डम स्वभावाने हसरी होती. कधी ओरडली नाही, हात उगारणं तर लांबच. सकाळी मुलांच्या खोलीत यायची, खेळणी पडलेली दिसली की कमरेवर हात ठेवून गाण्यासारखं म्हणायची, "हिगल्डी-पिगल्डी!" मुलं खिदळायची. त्या दिवशी रेजिनबायची दुपारची विश्रांती गेली. कपाटातले कपडे वरखाली झाले की टॉप्सी-टर्व्ही. त्याने येणारा रविवार गेला. बाईला महिन्यातून एक रविवार सुट्टी असे, त्यात उत्तनला येऊन देवळात मिस्सा ऐकायची, पोराला भेटायचं आणि अंधारापूर्वी परत निघायचं. "आन हर्ली-बर्ली म्हनली का दोन रविवार गेलं," ती म्हणाली. "हसूनच सांगायची हां मास्तर. लय चांगली बाई."

खेळणी मुलं टाकायची. कपडे मुलं उपसायची. ती परत लावायची, तोवर ती पुन्हा उपसायची. कुठला शब्द किती महाग हे ती अशी शिकली. आम्ही शाळेत पोरांना अर्थ पाठ करायला लावतो आणि ती विसरतात. रेजिनबाय एकही शब्द विसरली नव्हती.

या रविवारांची दुसरी बाजू मला जुजेने सांगितली. आम्ही दोघं एकदा राई-मुर्ध्याच्या वाटेने भाईंदरला चालत निघालो होतो. वेशीवरच्या क्रूसाशी तो थांबला, चौथऱ्याला हात लावला आणि म्हणाला की लहानपणी आजी त्याला आंघोळ घालून, तेल लावून त्या रविवारी इथे बसवायची. तो दिवसभर बसायचा. येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीकडे पाहायचा. संध्याकाळी आजीच येऊन त्याला उचलून न्यायची. पुढे पुढे त्याने तिथे बसायचं सोडून दिलं, आणि नेमकी तेव्हा एकदा ती आली तर तो समुद्रावर खेळत राहिला, घरी गेलाच नाही. मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नसे रे, तिचा काय दोष. तो म्हणाला, "मी कुटं दोष देतो? ती दुसऱ्यांच्या पोरांची खेळनी उचलत व्हती. मी हितं व्हतो. येवढाच हाय."

लढाई सुरू झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात ती मड्डम उत्तनला आली. आपल्या मैत्रिणींबरोबर दोन मोटारी घेऊन, सहलीला. निरोप आधी आला होता. रेजिनबायने घर शेणाने सारवलं, भिंतींना चुना काढला, आळीतल्या बायकांना हात जोडून रस्ता झाडायला लावला. कधी नव्हे ते बायकांनीही ऐकलं. मारीने नवं लुगडं नेसून सणासुदीची गोड फेणोरी तळली. सगळ्या बोंबलांची पोटं त्या दिवशी देवळाकडे होती.

मड्डम घरी आलीच नाही. त्या सगळ्याजणी किनाऱ्यावर माडाखाली सतरंजी पसरून बसल्या. शेवटी रेजिनबायच ताटली घेऊन तिकडे गेली. इंग्रजी येणारा म्हणून मला बरोबर नेलं होतं. मड्डमने तिला ओळखलं, गोड हसली, फेणोरी हातात घेतली आणि बाजूला ठेवली. मग समोरच्या वलांड्या, वाळूवर पडलेल्या टोपल्या, होड्या, नागडी पोरं, कुत्री यांच्यावरून हात फिरवून मैत्रिणींना म्हणाली की बघा तरी, सगळं कसं हिगल्डी-पिगल्डी, किती गोड, याचं चित्र काढायला हवं. आणि एकीने खरंच कागद काढून चित्र सुरू केलं.

"काय म्हनते?" रेजिनबायने मला विचारलं. मी म्हटलं, गाव सुंदर आहे म्हणते. पण तो एक शब्द तिने ऐकला होता. माझ्या भाषांतराची तिला गरज नव्हती. ज्यासाठी हिची दुपार जायची ते तिथे वाळूत पसरलेलं होतं आणि मड्डमला गोड वाटत होतं. रेजिनबाय हात पुढे बांधून तशीच उभी राहिली. जायला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांचं चित्र पुरं होईपर्यंत उभी राहिली. मोटारी निघून गेल्यावर तिने ताटली उचलली. फेणोरीवर वाळू आली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला नाही. मारीला हायसं वाटलं. मला मात्र ते बरं वाटेना. तिच्या मनात काय चाललंय ते एकदा तिनेच सांगितलं. तिने तिकडच्या मुलांचं सगळं केलं, लेकाचं एकही काम तिच्या हातून कधी झालं नाही. आता ती लेकाचंच करणार होती. तेव्हापासून जुजेच्या मागे लागली. त्याचे सदरे दगडाने दाबून इस्त्री केल्यासारखे करायची, त्याच्या विड्या एका लांबीच्या लावून ठेवायची. जुजे घ्यायचा आणि निघायचा.

पावसाळा संपला. होड्या पुन्हा पाण्यात घालायच्या आधी पाद्री येऊन त्यांना आशीर्वाद देतात. त्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर असतं. मी तेव्हा नवघरला गेलो होतो, त्यामुळे पुढचं मारीकडून आणि खुद्द रेजिनबायकडून ऐकलेलं सांगतो. जुजेने आदल्या दिवशी अंगणात जाळं रचून त्यावर जुनं शीड पांघरून ठेवलं होतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला लाकडाचे तरंगते तुकडे असतात, खालच्या दोरीला वजनं. होडी पुढे पळत असताना ते दोन्ही बाजूंनी सुटत जायला हवं, एकमेकांत न अडकता. म्हणून ते एका विशिष्ट पद्धतीने ढिगात टाकत नेतात. न जाणणाऱ्याला तो नुसता फेकलेला ढीग दिसतो. तिथल्या बायका मासळी वाहतात, विकतात, सुकवतात, पण रचलेल्या जाळ्याला हात लावत नाहीत. लहान पोरीलाही हे माहीत असतं. रेजिनबायलाही एके काळी माहीत होतं.

गुडघा दुखतो म्हणून ती आशीर्वादाला गेली नाही. घरात कुणी नव्हतं. तिने जुनं शीड बाजूला केलं आणि तो ढीग पाहिला. मग अंगणात बसून तिने अख्ख्या जाळ्याच्या घड्या घातल्या, बंगल्यातल्या चादरींच्या घालायची तशा, कडेला कड लावून. तरंगते तुकडे एकीकडे जमवले. दोरीची वेटोळी करून ती पडद्यांना बांधतात तशी चिंध्यांच्या फितींनी बांधली. दुपारभर ती हेच करत होती. आणि झाल्यावर वरून शीड जसं होतं तसंच नीट पांघरलं. जुजेने सकाळी उचलताना बघावं आणि खूश व्हावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पहाटे अंधारातच चौघांनी ते शिडासकट खांद्यावर घेतलं आणि होडीत टाकलं. कुणी उघडून पाहिलं नाही. स्वतःच्या हाताने रचलेलं जाळं जुजे कशाला तपासेल? समुद्रात वारा चांगला होता, होडी जोरात होती. जाळं सोडायला घेतलं ते गठ्ठ्यांनीच बाहेर गेलं. एक गठ्ठा अडला म्हणून जुजेने हात घातला, फीत सुटली, दोरीचा फास त्याच्या उजव्या हातावर बसला आणि मागून सगळ्या वजनांचा ओढा आला. चुलतभावाने दोरी कापेपर्यंत व्हायचं ते झालं. अंगठा आणि करंगळी राहिली.

पुष्कळ दिवस तो मुंबईच्या इस्पितळात होता. कुणी काही सांगायची गरजच नव्हती. फितीची गाठ त्याने समुद्रावरच ओळखली होती. त्या हाताने वल्हं धरणं शक्य नव्हतं. होडी चुलतभाऊ चालवू लागला. आळीतल्या बायका रेजिनबायशी बोलेनाशा झाल्या. मारी बोलायची, पण कामापुरतं. मी तिथे बसायला जायचो. ती म्हणायची, "मी लेकाचा काम केला मास्तर." दुसरं काही म्हणत नसे.

जुजे परत आला त्या दिवशी मी अंगणातच होतो. घर लख्ख होतं. त्याच्यासाठी खाट घातली होती आणि चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचली होती. मारीच्या कडेवर त्या पावसाळ्यात झालेली तान्ही मुलगी होती. रेजिनबाय पुढे झाली. तिने त्याच्या काखेतलं कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि फळीवर नीट ठेवायला वळली.

"आय," जुजे म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. वळली तेव्हा तिचं तोंड असं उजळलं होतं की मला तिकडे बघवेना. इतकी वर्षं ज्यासाठी काढली ते तिला मिळालं होतं. जुजेचा आवाज अगदी हळू होता, रागाचा लवलेशही त्यात नव्हता. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून तो म्हणाला, "आय, आता तू कशाला हात लावू नको."

तिने गाठोडं खाली ठेवलं. फळीवर नाही, होती तिथेच, जमिनीवर. मला त्या क्षणी जुजेचा राग आला नाही, तिचाही आला नाही. त्या हसऱ्या बाईचा आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. आमच्याकडे लोक अजून सांगतात की साहेब लोकांकडून शिस्त घ्यावी. मी तिथून उठून जातो.

जुजेला मी आमच्या नवघरच्या मिठागरावर राखणदाराचं काम मिळवून दिलं. आठवडाभर तो तिकडेच खोपीत राहायचा आणि रविवारी घरी यायचा. रविवारी सकाळपासून रेजिनबाय दारात बसलेली असे.

स्वातंत्र्य आलं, शाळेवर झेंडा लागला आणि वर्षभराने माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. चपला दारात काढल्या, एक उलटी पडली. आत फळीवरची भांडी कलंडलेली, दोरीवरचे कपडे खाली आलेले, चुलीची राख पायांनी घरभर झालेली. मारी एकटी किती पुरी पडणार? वलांडीवरचे बोंबील चारी दिशांना तोंडं करून वाळत होते. या सगळ्याच्या मध्ये पाटावर रेजिनबाय बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या उलट्या चपलेकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहत राहिली. उठली नाही.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, रेजिनबाय, ह्याला आता कुठला शब्द? ती हसली नाही. मी समजावून पाहिलं. इतकी वर्षं झाली, जुजेच्या मनातही नसेल, रागाच्या भरात माणूस बोलून जातो. निदान स्वतःपुरतं तरी आवरत जा.

"रागात न्हाय बोलला तो," ती म्हणाली. "मड्डमचा ऐकला, ती काय माजी कोन व्हती? ह्यो माज्या लेकानं सांगितलाय. आय म्हनून सांगितलाय, मास्तर."

मी उठलो. चप्पल पायानेच सरळ करून घातली आणि वळून पाहिलं. मारीची धाकटी, दोन-अडीच वर्षांची मुलगी परसातून आली, राखेने माखलेली, रडवेली. ती आजीच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि उचलून घे म्हणून तिने दोन्ही हात वर केले. रेजिनबायचे हात मांडीवरून हलले नाहीत. तिने मान वळवून आत हाक मारली, "मारी, पोरीला घे."